खाऱ्या वाऱ्यातील रोषणाई

लेखमाला : बेटावरचे घर – भाग 6

या लेखमालेच्या मागील भागात हवाई बेटांवरील घरांची छपरे समुद्राच्या हवेत कशी झिजतात, याचा विचार केला होता. त्याच छपरांच्या कडेला नाताळाच्या काळात दिव्यांच्या माळा लावून देण्याचा जो व्यवसाय तेथे चालतो, तो या भागाचा विषय आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हा व्यवसाय वाढला त्याचे एक मोठे कारण हिवाळा हे होते. बर्फाने निसरड्या झालेल्या छपरावर चढण्याचा धोका घरमालकांना नको असतो, म्हणून रोषणाईची आखणी करणे, माळा पुरवणे, त्या लावणे, हंगामभर दुरुस्त ठेवणे आणि शेवटी उतरवून साठवणे अशी सगळी जबाबदारी एकाच ठेकेदाराकडे दिली जाते. हवाईत बर्फाचा प्रश्न नाही. तेथे रोषणाईचा खरा शत्रू मीठ आहे, आणि ठेकेदाराची पारख त्याच्या दिव्यांच्या झगमगाटावरून नव्हे, तर मिठाविरुद्ध त्याने केलेल्या तयारीवरून करावी लागते.

होनोलुलू शहर 21.3 उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ नागपूरच्याच रेषेवर वसलेले असल्यामुळे डिसेंबरची रात्र तेथेही नागपूरइतकीच लांब असते आणि सूर्य संध्याकाळी सहाच्या आत मावळतो. शहराच्या नगरभवनाचा, म्हणजे ‘होनोलुलू हाले’चा, परिसर 1985 पासून दरवर्षी डिसेंबरात उजळला जातो, आणि घराघरांवरील माळाही साधारणपणे तेव्हाच, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, पेटू लागतात. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत रोज सुमारे सहा तास दिवे चालू राहतात असे धरले, तर हेच तास हवेतील आर्द्रता वाढत जाण्याचेही असतात, हा योग महत्त्वाचा आहे.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर किनाऱ्यापासून बरेच आत येतात आणि त्यांतील पाणी उडून गेल्यावर उरलेले मीठ तारा, होल्डर, क्लिपा अशा प्रत्येक वस्तूवर पातळ थराने बसते. कोरडे मीठ फारसे अपाय करत नाही. पण हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतः विरघळते. कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते याच गुणधर्मामुळे. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून पुष्कळ कमी, साधारण 33 टक्के आर्द्रतेलाच ओलसर होते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या घरावरील मिठाचा थर पूर्ण कोरडा असा क्वचितच असतो. हा ओला थर विजेचा वाहक असतो. होल्डरमधील पितळेची पट्टी आणि दिव्याच्या बुडावरील निकेलचा मुलामा हे दोन भिन्न धातू अशा वाहक द्रवाने जोडले गेले की त्यांच्यात एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो; वर दिवा चालू असेल तर माळेतील प्रवाहाचा काही अंश त्याच थरातून गळून ही झीज वाढवतो. पितळेवर हिरवा कळक चढतो, जोडातला रोध वाढतो, जोड तापतो आणि दिवा आधी लुकलुकून मग विझतो.

म्हणून चांगला कारागीर दिव्यांपेक्षा जोडांवर अधिक वेळ घालवतो, आणि त्या वेळेचे पैसे देताना घरमालकाने घासाघीस करू नये. प्रत्येक होल्डरमध्ये सिलिकॉनचे ग्रीज भरलेले असावे, म्हणजे धातूपर्यंत ओलावा पोचत नाही. होल्डरचे तोंड खाली असावे, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळून जाते. तार प्लगकडे नेताना तिला आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या तळाशी टपकते. प्लगच्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु दमट हवेत ती पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडते. तिच्याऐवजी जमिनीपासून उंच टांगलेली आणि खालून उघडी पेटी बरी.

याच संदर्भात गळती प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या सुरक्षा-सॉकेटचा उल्लेख आवश्यक आहे. भारतातील घरांमध्ये ज्याला ईएलसीबी म्हणतात ते उपकरण बहुधा 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते, तर अमेरिकेतील बाहेरच्या सॉकेटमधील उपकरण सुमारे 5 मिलिअँपिअरलाच तोडते, त्यामुळे मिठाने ओल्या झालेल्या माळा रात्री वारंवार बंद पडतात. अशा वेळी माळ तपासून सदोष जोड शोधण्याऐवजी ते सॉकेटच टाळून वीज घेण्याचा मार्ग जो ठेकेदार सुचवतो, त्याला काम देऊ नये. ओल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या मुलांचा जीव त्या 5 मिलिअँपिअरच्या मर्यादेवर अवलंबून असतो.

माळ कशाला अडकवायची हा प्रश्नही बेटावर वेगळा होतो. मुख्य भूमीवरील बहुतेक क्लिपा डांबरी कौलांच्या कडेत किंवा पन्हळीच्या ओठावर बसतील अशा घडवलेल्या असतात. हवाईत मात्र एकेरी लाकडी भिंतींची जुनी घरे आणि पन्हळी पत्र्यांची छपरे पुष्कळ आहेत, आणि वळचणीची फळी वरून रंगवलेली व सुबक दिसली तरी आतून वाळवीने पोखरलेली असू शकते. अशा फळीत मारलेला खिळा पहिल्या जोराच्या वाऱ्याला निघतो आणि रंगाला पाडलेले छिद्र पावसाला वाट करून देते. नारळाच्या झाडाबाबत तर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण ताडवर्गीय झाडांच्या खोडात आंबा-फणसासारखा सालीखालचा वाढीचा थर नसतो. त्यांच्या खोडाला पडलेली जखम भरून येत नाही. ती झाड असेपर्यंत राहते. खिळे, पिना आणि चढताना वापरले जाणारे काटेरी बूट हे तिन्ही म्हणूनच वर्ज्य मानावेत आणि माळ सैल फेऱ्यांनी, पट्ट्याने बांधावी.

वाऱ्याचा हिशेबही करावा लागतो. ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांमुळे बेटांची ईशान्य बाजू ओली आणि नैर्ऋत्य बाजू त्या मानाने कोरडी असते, परंतु हिवाळ्यात हे वारे मधूनमधून खंडतात आणि ‘कोना लो’ नावाची कमी दाबाची वादळे दक्षिणेकडून वारा व पाऊस आणतात, तेव्हा एरवी आडोशाची समजली जाणारी बाजूच झोडपली जाते. डिसेंबर 2021 च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे रोषणाईच्या ऐन हंगामात, अशाच वादळाने ओआहू बेटावर पूर आणले होते. करारात दुरुस्तीचे कलम स्वतंत्रपणे असावे ते यासाठी : माळ बंद पडल्यास किती तासांत माणूस येईल, आणि बदलीचे दिवे बेटावरच साठवलेले आहेत की जहाजाने यायचे आहेत. दुसऱ्या प्रकारचे उत्तर मिळाले, तर डिसेंबर संपेपर्यंत अंधारच राहण्याची शक्यता धरावी.

विजेचा खर्च थोडक्यात सांगता येतो. हवाईत घरगुती विजेचे युनिट सुमारे 40 सेंट किंवा त्याहून महाग पडते. 7 वॉटचे 100 जुन्या पद्धतीचे दिवे सहा तासांत 4.2 युनिट वापरतात, म्हणजे रात्रीचे जवळजवळ 1.70 डॉलर, आणि महिन्याचे 50. एलईडी दिव्यांत हाच खर्च साधारण दशांशावर येतो.

परवान्याबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. तयार माळा टांगून त्या असलेल्या सॉकेटला जोडणे वेगळे, आणि घराबाहेर नवी तार ओढणे किंवा नवे सॉकेट बसवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो आणि त्याचा परवाना राज्याच्या वाणिज्य व ग्राहक व्यवहार विभागाकडे पडताळता येतो. कामगारांचा अपघात-विमाही कागदावर पाहावा, कारण विमा नसलेला माणूस शिडीवरून पडला तर दाव्याचा भार घरमालकावर येऊ शकतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार सणाच्या रोषणाईची तात्पुरती जोडणी 90 दिवसांपर्यंतच ठेवता येते, त्यामुळे उतरवण्याची तारीखही करारातच लिहावी. उतरवलेल्या माळा गोड्या पाण्याने पुसून, वाळवून मगच बंद केल्या नाहीत, तर पेटीतील मीठ वर्षभर आपले काम करत राहते.

कौआई बेटावर या सगळ्यापेक्षा गंभीर बाब समोर येते. तेथील डोंगरांतील बिळांमध्ये न्यूएल्स शिअरवॉटर आणि हवाईयन पेट्रेल हे दुर्मीळ समुद्रपक्षी घरटी करतात. त्यांना तेथील लोक आओ आणि उआऊ म्हणतात. त्यांची पिल्ले पहिले उड्डाण रात्री घेतात आणि समुद्रावरील मोकळ्या आकाशाच्या उजेडाकडे झेपावतात. किनाऱ्यावर कृत्रिम दिवे असले की ती त्यांच्याभोवती घिरट्या घालून थकतात आणि जमिनीवर पडतात. सपाट जमिनीवरून त्यांना पुन्हा उडणे जमत नाही, त्यामुळे मांजरे आणि मोटारी त्यांचा घास घेतात. पडलेली पिल्ले गोळा करून सोडणारा ‘सेव्ह अवर शिअरवॉटर्स’ हा उपक्रम तेथे 1979 पासून चालू आहे, आणि 2010 मध्ये तर शाळांचे शुक्रवार रात्रीचे फुटबॉल सामने या पक्ष्यांसाठी दिवसा घ्यावे लागले. पिल्ले पडण्याचा काळ साधारण 15 सप्टेंबर ते 15 डिसेंबर असा धरला जातो, म्हणजे नाताळाच्या रोषणाईचे पहिले आठवडे त्यात येतात. कौआईवर ठेकेदार नेमताना म्हणूनच माळा 15 डिसेंबरनंतर पेटवाव्यात. ते शक्य नसेल तर वर फेकणारे झोत पूर्ण वगळून, दिव्यांना वरून आडोसा देऊन आणि टायमरने ते लवकर, विशेषतः अमावास्येच्या आसपासच्या रात्रींत, विझवण्याची अट लेखी घालावी. या अटीला विरोध न करता तिच्याप्रमाणे आराखडा बदलून देणारा कारागीर थोडे अधिक पैसे मागत असला, तरी काम त्यालाच द्यावे.

(पुढील भागात : लाकडी वळचण आणि वाळवी)