शेगडीचा नकार

मोटारीमागे लहानसा कॅम्पर ट्रेलर जोडून अमेरिकेतील एखाद्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेल्या मराठी कुटुंबाला, दिवसभराचा प्रवास संपवून पाइन वृक्षांच्या सावलीत मुक्काम ठोकल्यावर, पहिली आठवण होते ती चहाची. आणि नेमक्या त्याच वेळी शेगडीची चावी फिरवूनही ज्योत उमटत नाही, किंवा उमटली तरी ती मरगळलेली, पिवळसर आणि आधण यायला अर्धा तास लावील अशी असते, तेव्हा घरातील प्रत्येक माणूस आपापले निदान सांगू लागतो. टाकी संपली, रेग्युलेटर निकामी झाला, थंडीने गॅस गोठला! ही निदाने बहुधा पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातील अनुभवावर आधारलेली असतात. तो अनुभव खोटा नव्हे, परंतु ज्या सरंजामावर तो मिळवला तो सरंजाम वेगळा, इंधनाचे मिश्रण वेगळे आणि हवामानही वेगळे. चाकांवरच्या या घरातील शेगडी जेव्हा पेटण्यास नकार देते, तेव्हा तो नकार पुष्कळदा बिघाडाचा नसून बंदोबस्ताचा असतो, आणि त्याचे कारण विचारल्यावाचून त्यावर जबरदस्ती करणे धोक्याचे असते, हेच या लेखात विस्ताराने सांगायचे आहे.

प्रथम वायूचा मार्ग ध्यानी घ्यावा. ट्रेलरच्या पुढील दांड्यावर उभी केलेली टाकी सामान्यतः २० पौंडी, म्हणजे सुमारे ९ किलो प्रोपेन मावेल एवढी असते, व तीत हा वायू द्रवरूपाने राहतो. २० अंश सेल्सिअस तापमानास त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या आठपटींहून अधिक भरतो. टाकीच्या झडपेतून निघालेला वायू रबरी नळीवाटे रेग्युलेटरात येतो, आणि तेथे तो प्रचंड दाब उतरून अवघा ११ इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो. आपल्याकडील घरगुती रेग्युलेटरही जवळजवळ एवढाच दाब देतो. अशा सौम्य दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत वाटेवरचा क्षुल्लक अडथळाही ज्योतीवर ताबडतोब उमटतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

गैरसमज १ : ज्योत बारीक झाली म्हणजे रेग्युलेटर बदलावा.

वस्तुस्थिती अशी की टाकीला जोडावयाच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या चाकीच्या पोटात एक पहारेकरी बसविलेला असतो. नळी फुटली किंवा निसटली, तर वायूचा लोंढा बाहेर पडू नये म्हणून, प्रवाह एकाएकी वाढताच ही अंतर्गत झडप मिटते व केवळ सुतासारखी धार पुढे जाऊ देते. परंतु नळी फुटली आहे की कोणी उतावीळपणे टाकीची चावी एका दमात पूर्ण उघडली आहे, हे त्या झडपेला कळण्याचा मार्ग नाही. रिकाम्या नळीत जोराने घुसणारा वायू आणि गळतीतून निसटणारा वायू तिला सारखेच. शेगडीची चावी चुकून उघडी राहिली असताना टाकी उघडली, तरीही तोच परिणाम होतो. मग दोन्ही बर्नर कसेबसे मिणमिणतात आणि निर्दोष रेग्युलेटरावर दोषारोप होतो. यावरील इलाज बिनखर्चाचा आहे: शेगडीच्या सर्व चाव्या बंद कराव्यात, टाकीही बंद करावी, काही मिनिटे थांबावे आणि मग टाकीची चावी अगदी सावकाश उघडावी. एवढे करूनही झडप पुनःपुन्हा मिटत असेल, तर मात्र गळतीचा संशय धरून तपास करणे भाग आहे.

येथेच आणखी दोन गोष्टींची नोंद करावी. ही चाकी हाताने पुरती आवळली नाही, तर टाकीची चावी कितीही फिरवली तरी वायू मुळी बाहेरच येत नाही. ती हातानेच आवळायची असते, पान्याने नव्हे. आणि टाकी नुकतीच बदललेली किंवा भरून आणलेली असेल, तर नळीत शिरलेली हवा निघून जाईपर्यंत ज्योत धरत नाही. अशा वेळी खिडकी उघडून, पेटती काडी बर्नरपाशी आधी नेऊन मग चावी उघडावी, थोडा धीर धरावा आणि काडी विझली तर चावी प्रथम बंद करावी.

गैरसमज २ : काटा भरलेला दाखवतो, म्हणजे टाकी भरलेली आहे.

दाब मोजणारा काटा द्रवाचे परिमाण सांगत नाही, तापमान सांगतो. टाकीत ८ किलो द्रव असो वा अर्धा किलो, द्रवाचा शेवटचा अंश शिल्लक असेतो एका तापमानास दाब एकच राहतो. उलट भरलेल्या टाकीचा काटाही रात्रीच्या गारठ्यात खाली उतरतो. खरा हिशेब वजनाचा. टाकीच्या गळ्याभोवतीच्या कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. ते एकूण वजनातून वजा केले की बाकी उरते ती इंधनाची. वजनकाटा जवळ नसेल तर टाकीच्या एका बाजूवरून तांब्याभर कोमट पाणी ओतून हात फिरवावा. जेथे धातू एकदम गार लागतो तेथवर द्रव आहे असे समजावे. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली आढळली म्हणून भरणाऱ्याच्या सचोटीवर शंका घेऊ नये; उरलेली जागा उन्हात प्रसरण पावणाऱ्या द्रवासाठी मुद्दाम राखलेली असते, आणि ती मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून आत तरंगत्या दांड्याची योजनाही असते.

गैरसमज ३ : थंडीत गॅस गोठतो; टाकी आडवी करावी किंवा ऊब द्यावी.

हा समज भारतातून सोबत आलेला आहे, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या जवळपास असल्यामुळे हिवाळ्यात शेवटचा गॅस रेंगाळतो, आणि मग सिलिंडर कलंडवण्याचा किंवा गरम पाण्यात ठेवण्याचा घातक प्रघात पडतो. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो; साध्या थंडीत तो गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अडचण असते ती बाष्पीभवनाच्या वेगाची. द्रवाला वायू होण्यासाठी उष्णता लागते व ती तो टाकीच्या भिंतींतून घेतो. थंड रात्री, टाकीत द्रव थोडा असताना, शेगडी, हीटर आणि फ्रिज यांनी एकदम मागणी केली तर पुरवठा कमी पडतो व टाकीवर दव किंवा हिमाचा थर चढतो. मागणी कमी करणे किंवा भरलेली टाकी लावणे, हेच त्यावरचे योग्य उपाय होत. टाकी आडवी केल्यास वायूऐवजी द्रव रेग्युलेटरात उतरतो. द्रवाच्या एका मापाचा सुमारे २७० मापे वायू होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ज्योतीचे काय होईल हे निराळे सांगावयास नको. टाकीला विस्तवाची आच देण्याचा विचारही मनात आणू नये.

गैरसमज ४ : ज्योत पिवळी असली तरी चालते, फार तर जेट पिनेने साफ करावा.

निळी, स्थिर ज्योत हे पुरेशी हवा मिळाल्याचे लक्षण आहे. प्रोपेनच्या एका मापाला पूर्ण ज्वलनासाठी हवेची सुमारे २४ मापे लागतात; ती न मिळाली की ज्योत पिवळी पडते, भांड्यांची बुडे काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. ट्रेलर सबंध हिवाळा उभा राहिलेला असेल, तर हवा-वायूच्या मिश्रणनळीत कोळ्याने जाळे विणलेले असण्याचा संभव मोठा. टाकी बंद करून, बर्नर काढून ती नळी मऊ ब्रशाने स्वच्छ करावी. परंतु रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारण्याची सवय ज्या हातांना आहे, त्यांनी ती येथे आवरावी. पितळी जेटाचे छिद्र अत्यंत काटेकोर मापाचे असते. पिनेने ते किंचितही रुंदावले तर वायू कायमचा अधिक येऊ लागतो आणि पिवळेपणा जाण्याऐवजी वाढतो.

उंचीचाही विचार अवश्य करावा. यलोस्टोन सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरांवर आहे. तेथील विरळ हवेत २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांमागे शेगडीची शक्ती सुमारे ४ टक्क्यांनी घटते असा ठोकताळा आहे. शिवाय पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते. अशा ठिकाणी उघड्या पातेल्यातील तुरीची डाळ तासभर शिजूनही कच्ची राहिली, तर शेगडीला बोल न लावता कुकर काढावा.

गैरसमज ५ : गॅस वर जातो, छताचा झरोका उघडला की भागते.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. तो पाण्याप्रमाणे खाली उतरतो, जमिनीलगत आणि कपाटांच्या तळाशी साचतो. म्हणूनच ट्रेलरमधील गॅसचा इशारा देणारे यंत्र जमिनीजवळ बसविलेले असते. हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे २ ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. मुळात या वायूला वास नाही. तो मर्कॅप्टन जातीचे द्रव्य मिसळून मुद्दाम दिलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सास प्रांतातील न्यू लंडन येथील शाळेत साचलेल्या गंधहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळजवळ ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेनंतर इंधनवायूला गंध देण्याचा कायदा झाला. तो दुर्गंध इतक्या मुलांच्या मृत्यूनंतर आपल्या रक्षणासाठी ठेवला गेला आहे, हे स्मरून त्याची हयगय करू नये. वास येताच ज्योती विझवाव्यात, दिव्याच्या बटणाला हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे, दार उघडे टाकावे आणि टाकी बाहेरून बंद करावी. वास पुरता निवल्यावर, कोणतीही ज्योत किंवा ठिणगी जवळ नाही अशी खात्री करून टाकी जराशी उघडावी व सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. जेथे बुडबुडे फुगतात तेथे गळती. काडी पेटवून गळती शोधणे हा अक्षम्य अपराध होय.

गैरसमज ६ : रात्री शेगडी मंद ठेवली की ट्रेलर उबदार राहतो.

बंदिस्त, चिमुकल्या खोलीत शेगडी प्राणवायू खाते, आणि एक किलो प्रोपेन जळताना दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. सकाळी भिंतींवर दिसणारे ओघळ त्याचेच. भीती मात्र कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, गंध नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधीही मिळत नाही. प्रोपेन ओळखणारे यंत्र हा वायू ओळखतेच असे नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र किंवा संयुक्त यंत्र हवे, आणि दोहोंवर छापलेली मुदत पाहून ती वेळेवर बदलली पाहिजेत.

सारांश, तपासाचा क्रम टाकीकडून बर्नरकडे असावा: टाकीत इंधन आहे काय, चाकी पुरती आवळली आहे काय, झडप सावकाश उघडली काय, नळीतील हवा गेली काय, एकच बर्नर रुसला आहे की सगळे, कारण सगळेच मंद असतील तर दोष टाकी, चाकी वा रेग्युलेटराकडे, आणि एकच असेल तर त्या बर्नरपाशी. यापुढचे काम, विशेषतः रेग्युलेटर उघडणे किंवा त्याचा दाब बदलणे, जाणत्या कारागिराचे आहे. परंतु एक काम कोणाही कारागिरावर सोपवता येणार नाही. मुक्कामी पोहोचल्यावर, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आणि समज आलेल्या मुलांना ट्रेलरच्या पुढे न्यावे, टाकीच्या चावीवर त्यांचा हात ठेवावा आणि ती कोणत्या दिशेने बंद होते ते प्रत्येकाकडून एकदा करवून घ्यावे.