आत्मपरीक्षणापासून फायलींपर्यंत

भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या अनेकांना राम ताकवले हे नाव पहिल्यांदा भेटलं ते पुस्तकावर. अभिजात यामिकीवरचं ‘ताकवले-पुराणिक’ देशभरच्या वर्गांत वापरलं गेलं. ताकवले 1978मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1989मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं करायची जबाबदारी त्यांच्याकडे आली, पुढे इग्नूचं कुलगुरुपद आलं आणि नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपदही. अरुण निगवेकर वयानं धाकटे, विषय तोच, विद्यापीठही तेच. 1994मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपली नॅक, बंगळुरूला स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक निगवेकर होते. तिथून ते पुण्याचे कुलगुरू झाले, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे उपाध्यक्ष आणि 2002मध्ये अध्यक्ष.

निगवेकर एप्रिल 2021मध्ये गेले, ताकवले मे 2023मध्ये. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे रुजवलं त्याचं पुढे काय झालं, हे आता शांतपणे पाहायला हवं.

मूल्यांकनाची कल्पना 1986च्या शैक्षणिक धोरणातून आली. कॉलेजं भराभर वाढत होती. दर्जा मात्र संलग्नीकरणाच्या कागदावर आणि परीक्षेच्या निकालावर तोलला जात होता. निगवेकरांपुढचं काम अवघड होतं. नॅक तेव्हा ऐच्छिक होती. बाहेरची माणसं येऊन आपल्याला मार्क देणार, ही गोष्टच प्राध्यापकांना रुचत नव्हती, आणि उद्या हीच श्रेणी दाखवून अनुदान कापतील अशी भीती होती. त्यावर नॅकनं जो मार्ग काढला तो मला आजही फार मोलाचा वाटतो. आधी कॉलेजनं स्वतःच स्वतःबद्दल लिहायचं: आपण काय शिकवतो, कोणाला शिकवतो, कुठे कमी पडतो. तो स्वयंमूल्यमापन अहवाल वाचून मगच पीअर टीम यायची, आणि त्या टीममध्येही मास्तरच असायचे. सरकारी तपासनीस नव्हेत, आपल्यासारखेच वर्गात उभे राहिलेले लोक. ज्या कॉलेजात सगळ्या विभागांनी एकत्र बसून कधी चर्चाच केली नव्हती, तिथे या निमित्तानं ती झाली. ग्रंथालयात किती विद्यार्थी खरोखर येतात, पहिल्या वर्षाला आलेली किती मुलं तिसऱ्यापर्यंत टिकतात, हे प्रश्न स्टाफरूममध्ये मोठ्यानं विचारले गेले.

महाराष्ट्रानं हे काम मनावर घेतलं. अधिस्वीकृत महाविद्यालयांच्या संख्येत आपलं राज्य देशात वर्षानुवर्षं पुढे राहिलं, त्यात तालुक्याच्या गावची कला-वाणिज्य महाविद्यालयंही मोठ्या संख्येनं आहेत. 2010च्या सुमारास राज्यानं उच्च शिक्षणाच्या फेररचनेसाठी समित्या नेमल्या, तेव्हाही अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांच्या बरोबरीनं निगवेकर आणि ताकवले यांच्याकडेच लोक वळले.

बदल हळूहळू झाला. 2007पासून चार गुणांची सीजीपीए पद्धत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012च्या नियमावलीनं मूल्यांकन सक्तीचं केलं, पाठोपाठ रूसाचा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाचा, निधी आला आणि स्वायत्ततेसारखे लाभ श्रेणीला जोडले गेले. अर्थात ज्या दिवशी श्रेणीला पैसा चिकटला, त्या दिवसापासून आपली उणीव लिहून देणारा प्राचार्य संस्थाचालकांना परवडेनासा झाला. 2017च्या नव्या चौकटीत बहुतेक गुण ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर मिळू लागले. व्यक्तिगत मर्जीला आळा घालणं हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण कॉलेजात काय घडलं ते आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, समन्वयकाला विचारा. व्याख्यान झालं की आधी जिओटॅग फोटो, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसलीच पाहिजे. मग हजेरीपत्रक, सूचनेची प्रत, अहवाल, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का. सगळं स्कॅन करून अपलोड. ‘क्रायटेरिया फाइव्ह कोणाकडे?’ हा प्रश्न वर्षभर कॉरिडॉरमध्ये फिरतो. टीम यायच्या आठवड्यात रंगरंगोटी, कुंड्या, नवे फलक, आणि तासिका तत्त्वावरची तरुण मुलं रात्री उशिरापर्यंत फायली लावत बसलेली. ज्यांच्या नोकरीची शाश्वती नाही त्यांनीच संस्थेच्या गुणवत्तेचे पुरावे गोळा करायचे, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

वरच्या पातळीवरही अस्वस्थता होती. पुणे विद्यापीठातलेच भूषण पटवर्धन विद्यापीठ अनुदान आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि 2022मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष झाले. मूल्यांकनात गैरप्रकार होत असल्याची शंका त्यांनी उघडपणे मांडली, स्वतंत्र चौकशीची मागणी केली आणि मार्च 2023मध्ये राजीनामा दिला. अध्यक्षपदावर असताना असं बोलायला धैर्य लागतं. त्याची हवी तशी दखल आपण घेतली नाही असं माझं मत आहे. त्यांच्या जागी आलेले अनिल सहस्रबुद्धे हेही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी संचालक आणि एआयसीटीईचे माजी अध्यक्ष. फेब्रुवारी 2025मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात सीबीआयनं तपासणी पथकातल्या सदस्यांना अटक केली. पकडलेल्यांत प्राध्यापक होते. पीअर टीमची सगळी मदार मास्तरांच्या इभ्रतीवर होती, त्यामुळे ही बातमी वाचताना अनेक जुन्या प्राध्यापकांना शरम वाटली असेल.

त्याआधीच इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीनं श्रेणी काढून टाकून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच निकाल द्यायची शिफारस केली होती. श्रेणीचा हव्यास त्यानं कमी होईल, म्हणून मला ही दिशा योग्य वाटते. मात्र माहिती एकाच पोर्टलवर भरायची आणि टीम फारशी यायचीच नाही, असं झालं तर कॉलेजनं स्वतःबद्दल लिहिलेलं वाचणार कोण? एखाद्या आदिवासी भागातल्या महाविद्यालयात मुली टिकाव्यात म्हणून प्राध्यापिका घरोघर जाऊन पालकांना भेटतात. त्या भेटींना जिओटॅग नसतो. पूर्वी टीममधला एखादा जाणता प्राचार्य माजी विद्यार्थिनींशी बोलताना ते हेरायचा आणि अहवालात दोन ओळी लिहायचा. नव्या पद्धतीत त्या दोन ओळींसाठी जागा ठेवायला सांगणारं कोणी तरी समितीत बसलेलं असायला हवं, आणि त्या माणसानं तालुक्याच्या कॉलेजात काही वर्षं शिकवलेलं असायला हवं.