डिस्क ब्रेकचे कॅलिपर : प्रकार आणि कार्य

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातून मोटारी ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागल्या. इंझोरीच्या रस्त्याने तीच मोटार ताशी ६० ने जात असेल, तर महामार्गावर वेग केवळ दुप्पट झाला असे आपणांस वाटेल. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हजार किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीत पहिल्या वेगाला सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा असते, दुसऱ्या वेगाला ५५६. थांबताना या ऊर्जेचा बहुतांश भाग ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर.

पायाचा दाब नळीतील द्रवामार्फत कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोहोचतो. (पिस्टनसाठी 'दट्ट्या' हा आपल्या पाठ्यपुस्तकांतला शब्द फारच नेमका आहे, तो गॅरेजमध्ये रुळला नाही याची खंत वाटते.) पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र समान असतो. म्हणून मुख्य सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि कॅलिपरच्या दट्ट्याचे २१ असेल, तर बल सातपट होते. पाय उचलताच दट्ट्या मागे येतो, तो स्प्रिंगमुळे नव्हे. त्याच्याभोवतीची रबरी कडी दाबाखाली किंचित पिळवटलेली असते. ती पूर्ववत होताना दट्ट्याला केसभर मागे ओढते.

स्थिर कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंस दट्टे असतात व सांगाडा हलत नाही. पकड समान मिळते, पण खर्च आणि जागा अधिक लागते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत तरंगता कॅलिपर आढळतो. त्यात दट्टे एकाच बाजूला असतात. दट्ट्या आतील पॅडला डिस्कवर रेटतो. त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण सांगाडा पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. काही मोटारींच्या मागील कॅलिपरमध्ये हातब्रेकची यंत्रणाही सामावलेली असते.

तरंगत्या कॅलिपरचे सारे यश या सरकण्यावर अवलंबून आहे. पिनांवरील रबरी आवरण फाटले, की आपल्या काळ्या मातीचा चिखल आत शिरतो, पिना गंजतात आणि सांगाडा अडकतो. मग बहुधा आतील पॅड झपाट्याने झिजतो, बाहेरचा जवळजवळ नवा राहतो आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागते. पॅड बदलताना दोन्ही पॅडची जाडी ताडून पाहा.

ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १४० अंश आहे. लांब घाटउतारावर सतत ब्रेक दाबल्यास कॅलिपर तापतो, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जात असल्याने पायाखालचे पेडल तळाशी जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर वापरावा, आणि टाकीतील पातळी योग्य दिसत असली तरी द्रव साधारणतः दोन वर्षांनी बदलून घ्यावा.