ओंजळ भरल्याशिवाय पाणी आपले नाही

मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुलेही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत तो हक्क कागदावरच होता. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीबाबत आज आमच्या तरुणांची हीच गत आहे.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीवर जगातील असंख्य सर्व्हर चालतात. तिचा जीपीएल परवाना वकील म्हणून आम्हाला फार भावतो. कॉपीराइटचाच कायदा वापरून तो बजावतो की, प्रोग्राम दुसऱ्याला द्याल तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागेल. वाचा, बदला, वाटा. जातीचा दाखला कोणी मागत नाही!

आमची मुले मात्र क्लासची भरमसाट फी भरतात, कमांड पाठ करतात नि प्रमाणपत्र भिंतीला लावतात. सर्व्हरला हात लागलेलाच नसतो. ही घोकंपट्टी भटांची, आपली नव्हे.

बंधू-भगिनींनो, विहारात एक जुना संगणक आणा, त्यावर डेबियन चढवा. कोणती फाईल कोणी वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी, हे 'सीएचमॉड' कमांडने स्वतः ठरवा. ज्यांच्या पूर्वजांना वाचायचीच बंदी होती, त्यांनी ही कमांड तरी नीट शिकावी. एखादी सेवा मुद्दाम बिघडवा, लॉगमधील नोंदी वाचून दोष शोधा. 'रूट'चा अधिकार जपून वापरा; एका चुकीच्या कमांडने सारे पुसले जाते. गेलेच पुसले, तर पुन्हा चढवा. इंग्रजीची धास्ती वाटली तर दोघे मिळून बसा: एकाने मॅन्युअल वाचावे, दुसऱ्याने कीबोर्ड चालवावा.