जमीन विकली जात नाही, त्या गावाचे उत्पन्न

मुद्रांक शुल्कातल्या ग्रामपंचायतींच्या वाट्याबद्दल मागच्या भागात लिहिले, त्यावर पश्चिम जुन्नरमधून एक प्रश्न आला आहे. नारायणगाव, आळेफाटा या बाजूच्या पंचायतींना या वाट्याचा मोठा आधार आहे, मग घाटमाथ्याकडच्या पंचायतींना तो जाणवतही का नाही? आज जिल्हा वार्षिक योजनेवर लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याशिवाय ती योजना नीट कळणार नाही.

जिल्हा परिषद क्षेत्रातल्या खरेदीखतावर नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय १ टक्का अधिभार बसतो. तो आधी राज्याच्या तिजोरीत जातो, मग अर्थसंकल्पातील तरतुदीतून अनुदान म्हणून परत येतो आणि निम्मा जिल्हा परिषदेला, निम्मा ग्रामपंचायतीला मिळतो. म्हणजे जिथे जमिनीची उलाढाल मोठी, तिथेच हा वाटा मोठा. आता आहुपे, आसाणे, हातवीज, इंगळूण ही गावे डोळ्यांसमोर आणा. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आला. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले आणि आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासींना विकण्यास बंदी झाली. शिवाय बरीचशी जमीन वनखात्याकडे आहे. भीमाशंकर अभयारण्यही १९८५ चेच, त्याच्या हद्दीत बांधकामावर आणि खाणीवर बंधने आहेत. डिंभे, माणिकडोह या धरणांखाली खोऱ्यातली सुपीक जमीन गेली. त्या पाण्याच्या पट्टीवरचा स्थानिक उपकर मात्र खाली भिजणाऱ्या शेतीवर बसतो. विक्री नाही, बागायत नाही, कौलारू घरांची घरपट्टी तुटपुंजी. मग पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न येणार कुठून?

माझे म्हणणे असे की ही गरिबी त्या पंचायतींच्या कारभारातून आलेली नाही. ज्या कायद्यांनी आदिवासींची जमीन आणि सह्याद्रीचे जंगल राखले, त्या योग्य आणि आवश्यक कायद्यांची ती किंमत आहे. त्या रक्षणाचा लाभ साऱ्या राज्याला मिळतो, ही धरणे ज्या कुकडी प्रकल्पाची, त्याचे पाणी तर थेट करमाळ्यापर्यंत जाते, पण किंमत डोंगरातले गाव भरते. म्हणून या गावांना राज्याकडून मिळणारा पैसा मेहेरबानी नव्हे, भरपाई आहे, आणि भरपाईची रक्कम कुणाच्या मर्जीवर ठेवता येत नाही. ती ठरलेल्या प्रमाणातच आली पाहिजे.

असे प्रमाण राज्याने मान्यही केले आहे. १९९२ च्या सुकथनकर समितीने आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे ९ टक्के, योजना-निधी आदिवासी उपयोजनेला द्यावा असे सुचवले. १९९३-९४ पासून ती पद्धत आली. मग २०१५ मध्ये या उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. पहिल्या वर्षी, २०१५-१६ मध्ये, ५,१७० कोटींच्या उपयोजनेवर हा वाटा २५८.५० कोटी होता. पायाभूत सोयी, पेसा आणि वनहक्कांची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, वन्यजीव-जलसंधारण अशा चौकटीत नेमके कोणते काम करायचे हे ग्रामसभेने ठरवायचे. मुद्रांक शुल्काने जे दिले नाही, ते या पैशाने काही प्रमाणात भरून निघते.

मात्र टक्केवारी पक्की असली तरी ती ज्या रकमेवर मोजायची ती रक्कमच कच्ची असेल तर काय? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आदिवासी घटकासाठी, म्हणजे याच उपयोजनेसाठी, २१,४९५ कोटी जाहीर झाले, आधीच्या वर्षापेक्षा ४० टक्के जास्त. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतले ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेकडे गेले. यावर असे म्हणता येईल की त्या योजनेच्या लाभार्थींत आदिवासी स्त्रियाही आहेत. ते खरेच आहे आणि दरमहा १,५०० रुपयांचा घराला आधारही होतो. पण पाण्याची टाकी, वाडीपर्यंतचा रस्ता, अंगणवाडीची खोली एकेका घराच्या पैशाने उभी राहत नाही. सामाईक कामाला सामाईक पैसाच लागतो, आणि उपयोजना त्यासाठी निर्माण झाली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: या गावांना दिलेला पैसा वेळेत खर्च होत नाही, मग जास्त कशाला? निधी मार्चच्या तोंडावर हाती पडला, एका ग्रामसेवकाकडे अनेक गावे असली, अंदाजपत्रकासाठी अभियंत्याची वाट पाहावी लागली, तर खर्च कुठल्याही पंचायतीचा रखडेल. पश्चिम भागात एकेका पंचायतीत दूरदूरच्या वाड्या असतात आणि पावसाळ्यात कामाचे महिने वाया जातात. म्हणून पैसा एप्रिल-मेमध्ये पोचणे आणि कामांना तांत्रिक मदत मिळणे हा त्यावरचा उपाय आहे. निधी रोखल्याने क्षमता वाढत नाही. गैरव्यवहाराची भीती असेल तर ग्रामसभेसमोर दरवर्षी जमाखर्च वाचणे आणि लेखापरीक्षण होणे हे दोन्ही कायद्यात आहेच, ते पाळले जावे.

तेव्हा मागणी साधी आहे. अर्थसंकल्प मंजूर होताच पेसा क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ५ टक्के वाट्याची रक्कम जाहीर करावी आणि वर्षाच्या मध्यात उपयोजनेतून काही वळवले तरी त्या वाट्याला हात लावू नये. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून ही यादी मिळवून ग्रामसभेत वाचता आली, तर गावाला आपला हक्काचा आकडा कळेल. जिल्हा वार्षिक योजनेत आणखी किती पैसा येतो आणि तो कोण ठरवतो, ते पुढच्या भागात पाहू.