काटा हिरव्यात आला की

शर्यत उणीपुरी बारा-पंधरा सेकंदांची. तिच्यात स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, वळणही नाही. गाडी नाकासमोर पळते, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, कधी अर्धा मैल. सुरुवातीला गॅस सांभाळायचा, वेळेवर गिअर टाकायचे आणि मध्ये एकदा नायट्रो मारायचा, संपलं. ‘सीएसआर रेसिंग २’ हा मोबाइलवरचा स्ट्रीट रेसिंगचा गेम सांगायला इतका साधा आहे. माझा अकरावीतला भाचा तो नळदुर्गात घराच्या कट्ट्यावर बसून खेळतो. सुट्टीत त्याच्या शेजारी बसूनच मी तो शिकलो.

सगळा खेळ आरपीएमच्या काट्यावर आहे. आकडे उलटे मोजले जात असताना गॅसवर बोट टेकवत-उचलत काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा. काटा वर गेला तर टायर जागीच फिरतात आणि धुराशिवाय हाती काही लागत नाही. खाली राहिला तर इंजिन दबतं आणि शेजारची गाडी निघून जाते. गाडी सुटल्यावर दर गिअरला तीच परीक्षा. हिरवा दिवा लागला की बोट टेकवायचं. नेमकं जमलं तर स्क्रीनवर ‘परफेक्ट शिफ्ट’ उमटतं. भाचा मात्र दिव्याकडे बघतच नाही. “दिवा बघून बोट हलवलं की उशीर झालाच म्हणून समजा, मामा. आवाज ऐका. इंजिन रडायला लागलं की टाका.” तो कानाने खेळतो. त्यामुळे घरात कुणी मिक्सर लावला की चिडतो.

फोन साधाच आहे. मे महिन्यात दुपारी तो इतका तापतो की चित्र अडखळायला लागतं, आणि जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब तिथे एक अडखळ म्हणजे हार. म्हणून दुपारी खेळ बंद. संध्याकाळी कव्हर काढून, बाकीची अॅप बंद करून, नोटिफिकेशन गप्प करून तो बसतो.

शर्यतीपेक्षा जास्त वेळ जातो गॅरेजात, आणि मला तोच भाग जास्त आवडला. ट्यूनिंगला तीन पट्ट्या असतात: नायट्रो, फायनल ड्राइव्ह आणि टायरमधली हवा. नायट्रोचा जोर वाढवला तर तो लवकर संपतो. फायनल ड्राइव्ह एका बाजूला सरकवला की गाडी झटक्यात उठते, पण शेवटच्या टप्प्यात तिचा दम संपतो. दुसऱ्या बाजूला सरकवला की उलट. हवा कमी केली की पकड वाढते, वेगाला फटका बसतो. सगळं एकदम मिळत नाही. भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर आकड्यांची रांग आहे: ११.४८२, ११.४५७, पुढे बाण आणि ‘हवा कमी’. एका वेळी एकच पट्टी हलवायची, धाव घ्यायची, वेळ लिहायची. शाळेच्या प्रयोगवहीत हा नेमकेपणा मी त्याच्याकडून कधी पाहिला नव्हता.

नायट्रो म्हणजे नायट्रस ऑक्साइड, डॉक्टर भूल देताना वापरतात तोच वायू. इंजिनात तापला की त्यातला ऑक्सिजन सुटा होतो, जास्त इंधन जळतं, ताकद वाढते. पण टायरने रस्ता धरायच्या आत तो मारला तर ती ताकद चाकं जागीच फिरवण्यात जाते. म्हणून भाचा पहिल्या गिअरात बटणाला हात लावत नाही.

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बघत वाढलेल्या त्याच्या आजोबांना हे काही शिकवावं लागलं नाही. एकदा स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, “सुटतानाच निकाल लागतोय की.”

खटकतं ते पुढे. प्रत्येक शर्यतीला टाकीतलं इंधन लागतं आणि पाच-सहा डाव रंगात आले की टाकी रिकामी. मग थांबायचं, नाहीतर सोन्याची नाणी मोजायची. नाणी संपली की खरे रुपये. गेम फुकट, विकायला ठेवली आहे ती अधीरता. हा धंदा केवढा, तर हा गेम करणारी नॅचरलमोशन ही ब्रिटिश कंपनी झिंगा या गेम कंपनीने २०१४ मध्ये ५२ कोटी ७० लाख डॉलरला घेतली. गेम २०१६ च्या जूनमध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ. गावोगावच्या कट्ट्यांवर एवढे जड गेम उतरायला लागले ते स्वस्त डेटामुळे. भाच्याने आजवर एक रुपया दिलेला नाही. टाकी रिकामी झाली की तो फोन ठेवून दळण आणायला जातो.

त्याच्या मित्रांचा लाडका गेम वेगळा, ‘ट्रॅफिक रायडर’. त्यात मोटारसायकलचं हँडल आपल्या हातात आणि समोर रहदारी. ताशी शंभराच्या वर असताना वाहनाला चाटून ओव्हरटेक केलं की जादा गुण, समोरून येणाऱ्या रहदारीच्या लेनमध्ये घुसलं की आणखी. मला हा गेम आवडत नाही. नळदुर्गला तो पडद्यावर बघायची गरज नाही. गाव पुणे-मछलीपट्टणम राष्ट्रीय महामार्ग ६५ वर आहे. पावसाळ्यात बोरी नदी भरून किल्ल्यातल्या पाणीमहालावरचे नर-मादी धबधबे कोसळायला लागले की किल्ला बघायला मोटारसायकली येतात, आणि हैदराबादकडे निघालेल्या ट्रकांच्या मधून तीन-तीन जण बसवलेली एखादी गाडी नागमोडी जाते. तिथे चाटून गेल्याचे गुण कुणी देत नाही.

सीएसआरमध्येही शर्यत शहराच्या रस्त्यावरच होते, हे खरं. पण रस्ता मोकळा असतो आणि कौशल्य असतं ते वेळ साधण्याचं. अशा नाकासमोरच्या खऱ्या शर्यती, म्हणजे ड्रॅग शर्यती, लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. हेल्मेट, तपासणी, रुग्णवाहिका अशा बंदोबस्तात.

भाच्याला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे आणि दारात त्याच्या वडिलांची मोटारसायकल उभी असते. घरोघरी हीच परिस्थिती आहे, म्हणून पालकांनी एक कलम वाचून ठेवावं: मोटार वाहन कायद्याचं १९९-अ, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.