भूतानची लोकसंख्या : आकडे आणि माणसे

लोकसंख्येचा प्रश्न म्हटला की आपल्याकडे वाढत्या गर्दीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या राष्ट्राची एकूण लोकसंख्याच एखाद्या लहान जिल्ह्याएवढी आहे, तेथे हाच प्रश्न निराळे रूप धारण करतो. हिमालयातील भूतान हे असे एक राष्ट्र होय. २०१७ च्या जनगणनेनुसार तेथे ७,२७,१४५ लोक राहत होते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ८,४९,६५१ होती, हे लक्षात घेतले म्हणजे या राष्ट्राच्या आकारमानाची कल्पना येते. भूतान हे वज्रयान परंपरेचे राष्ट्र असल्यामुळे आपल्या वाचकांना त्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तेथील लोकसंख्येत घडून आलेल्या बदलांचा व त्यांच्या कारणांचा विचार करणार आहोत.

प्रथम मोजणीचाच प्रश्न घेऊ. भूतान १९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, तेव्हा त्याची लोकसंख्या सुमारे दहा लाख असल्याचे मानले जात होते. पुढील काळात याच आकड्यात दरवर्षी अंदाजे वाढ धरून तो आंतरराष्ट्रीय ग्रंथांत छापला जाऊ लागला. १९९० च्या सुमारास राजे जिग्मे सिंगे वांगचुक यांनी स्वतःच खरी संख्या सहा लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले. आधुनिक पद्धतीची पहिली जनगणना मे २००५ मध्ये झाली आणि तीत ६,३४,९८२ रहिवासी आढळले. याचा अर्थ लोकसंख्या घटली होती असा नव्हे. पूर्वीचा आकडाच फुगलेला होता. वस्तुस्थिती जशी आहे तशी पाहणे, यालाच आपल्या परंपरेत यथाभूत दर्शन म्हटले आहे. राष्ट्राच्या कारभारालाही तेच आवश्यक असते. शाळा, दवाखाने व धान्य यांचे नियोजन काल्पनिक माणसांसाठी करता येत नाही.

मात्र किती माणसे मोजली जातात, याइतकेच कोणाला आपले म्हणून मोजले जाते हेही महत्त्वाचे असते. भूतानच्या दक्षिण भागात नेपाळी भाषा बोलणारे, बहुतांशी हिंदू असलेले ल्होत्शाम्पा लोक राहतात. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये ३१ डिसेंबर १९५८ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करणे आवश्यक ठरले आणि १९८८ पासून दक्षिणेत त्या आधारे मोजणी सुरू झाली. कागदपत्रांअभावी असंख्य लोक परके ठरले. पुढे वेशभूषा व भाषाविषयक निर्बंध आले, आंदोलने झाली, दडपशाही झाली आणि लाखाहून अधिक लोकांना नेपाळमधील झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत राहावे लागले. सहा-सात लाखांच्या राष्ट्रातून लाखभर माणसे जाणे म्हणजे सुमारे सहावा हिस्सा जाणे होय. २००७ नंतर त्यांपैकी १,१३,००० हून अधिक लोकांचे अमेरिका आदी देशांत पुनर्वसन झाले. काही हजार लोक अद्यापही छावण्यांत आहेत. बौद्ध राष्ट्राविषयीच्या आपुलकीपोटी ही बाब झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या धम्मात मैत्रीला सीमा नाही, त्याच्या अनुयायांनी तर ती आधी पाहिली पाहिजे.

दुसरा मोठा बदल जन्म-मृत्यूंच्या प्रमाणातील होय. १९६१ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू होण्यापूर्वी देशात मोटाररस्ते नव्हते व आधुनिक वैद्यकीय सोयी नाममात्र होत्या. पुढे मोफत आरोग्यसेवा व शिक्षण यांचा प्रसार झाला. १९८४ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १०३ बालके वर्षाच्या आत दगावत असत. २०१७ पर्यंत हे प्रमाण सुमारे १५ वर आले. मुले जगतील असा भरवसा आला, मुली शिकू लागल्या आणि कुटुंबे लहान झाली. १९९४ साली एका स्त्रीस सरासरी ५.६ अपत्ये होत असत. २००० साली ही सरासरी ४.७ होती, २००५ साली ती सुमारे २.५ झाली आणि २०१७ पर्यंत ती दोनच्याही खाली उतरली. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने भरून काढण्यासाठी ही सरासरी २.१ असावी लागते. युरोपातील देशांना ज्या स्थित्यंतरास शंभर वर्षे लागली, ते येथे एका पिढीत घडून आले. तरुण स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण लोकसंख्या काही काळ वाढतच राहते, परंतु वाढीचा वेग मंदावत जातो.

तिसरा बदल देशांतर्गत स्थलांतराचा. २००५ साली ३०.९ टक्के लोक शहरांत राहत होते. २०१७ साली हे प्रमाण ३७.८ टक्के झाले. याच काळात थिम्फू शहराची लोकसंख्या ७९,१८५ वरून १,१४,५५१ वर गेली, तर उत्तरेकडील संपूर्ण गासा जिल्ह्यात २०१७ साली अवघे ३,९५२ लोक होते. पूर्वेकडील त्राशीगांग, मोंगार या भागांतून तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडतात. मागे कुलूप लागलेली घरे उरतात. त्यांना तेथे ‘गुंगतोंग’ म्हणजे रिकामी घरे असे म्हणतात. शेत पडीक राहिले की रानडुकरे व माकडे शेजारच्या शेतांत शिरतात आणि मग शेजाऱ्यालाही गाव सोडावे लागते. विहारांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. घरातील एक मुलगा विहारात पाठविण्याची प्रथा चार-पाच मुलांच्या कुटुंबात सहज पाळली जात असे. एक-दोन अपत्यांच्या कुटुंबाला ते अवघड जाते.

अलीकडे यात परदेशगमनाची भर पडली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये महामारीचे निर्बंध उठल्यानंतर हजारो तरुण, विशेषतः ऑस्ट्रेलियाकडे, गेले. त्यांत शिक्षक, परिचारिका व सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येने होते. मोठ्या देशात दहा परिचारिका गेल्या तर कोणास कळतही नाही. लहान देशात तेवढ्याने एखादे जिल्हा रुग्णालय अडून बसते. शिवाय जाणारे तरुण असतात आणि मागे राहणारे वृद्ध. २०१७ साली ६५ वर्षांवरील लोक ५.९ टक्के होते. २०४७ पर्यंत ते सुमारे १३ टक्के होतील असा तेथील सांख्यिकी विभागाचा अंदाज आहे. तरुणांना देशातच रोजगार मिळावा म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये गेलेफू येथे नवे नगर वसविण्याची घोषणा झाली. हे गेलेफू दक्षिणेतील सारपांग जिल्ह्यात येते. याच दक्षिण भागातून तीन दशकांपूर्वी ल्होत्शाम्पा कुटुंबे बाहेर पडली होती.

सारांश, भूतानमध्ये एके काळी परक्यांची संख्या वाढेल ही भीती होती; आज आपलीच माणसे कमी पडतील ही चिंता आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पिढीने पाहिल्या. लहान राष्ट्राला एकही मनुष्य अधिक नसतो, हा यातून मिळणारा बोध होय. घरे पुन्हा उघडावयाची असतील, तर केवळ जन्मांची संख्या वाढवून भागणार नाही. जे राहतात त्यांना राहावेसे वाटले पाहिजे आणि ज्यांना राहावयाचे होते त्यांची आठवणही राष्ट्राने ठेवली पाहिजे, असे आम्हांस वाटते.